‘समुपदेशन केंद्रा’ची पाटी दिसली, पण नोंदणी आहे का? मानसिक आजारात कोण काय करू शकतो, जाणून घ्या

झोप उडते, कामात मन लागत नाही, घरातले माणूस एकटेच बडबडू लागते. अशा वेळी शहापूर, मुरबाडच्या गावपाड्यांतील कुटुंब अनेकदा आधी भगताकडे जाते, नंतर ओळखीच्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे. समोरच्याची पात्रता क्वचितच विचारली जाते.

कोणाचे काम काय?

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते निदान करतात, औषधे देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि संवादातून उपचार करतात. ते औषध लिहून देऊ शकत नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक ऐकून घेतो, मार्ग शोधायला मदत करतो. गंभीर आजाराची लक्षणे दिसताच रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवणे, ही त्याची जबाबदारी.

नियम मोडल्यास काय?

पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम १०६ सांगते, की आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध वा उपचार कोणीही सुचवू नयेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा तर राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

मग अडते कुठे?

पात्र माणूस जवळ असावा लागतो. मुरबाडच्या रुग्णाला ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचे तर एसटीने कल्याण आणि पुढे लोकल. सोबतच्या नातेवाइकाची मजुरीही बुडते. २०१७ च्या कायद्याचे कलम १८ मात्र म्हणते, की रुग्णाला उपचारासाठी दूर जावे लागू नये. कलम ३१ नुसार सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक मानसोपचाराचे प्रशिक्षण द्यायचे आहे आणि लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या गाठण्यासाठी दहा वर्षांत प्रयत्न करायचे आहेत. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला. म्हणजे मुदत मे २०२८ पर्यंत.

बोगस पाट्यांवर कारवाई हवीच. पण तालुक्यात पात्र माणूस नियमित बसत नसेल, तर उतरवलेल्या पाटीच्या जागी दुसरी लागायला वेळ लागणार नाही.

तुम्ही काय कराल?

नोंदणी क्रमांक विचारा. डॉक्टर नसलेल्याने दिलेली गोळी घेऊ नका. सुरू असलेले औषध कोणाच्या सांगण्यावरून अचानक थांबवू नका. तातडीच्या मदतीसाठी सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ वर मोफत उपलब्ध आहे.