खेळाकडून शिकावे

'खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रू' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण खेळाचाही अभ्यास होतो! अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक यांना त्यांचा अनुभव विचारला आणि १९७५ साली निष्कर्ष मांडला: आव्हान कुवतीपेक्षा फार मोठे असले की धास्ती, फार लहान असले की कंटाळा, दोन्ही तुल्यबळ असली की तल्लीनता. पुढे व्हिडिओ गेमच्या रचनाकारांनी हेच सूत्र उचलले. चांगल्या गेममध्ये चूक तत्काळ कळते व डाव पुन्हा मांडता येतो. आमच्या परीक्षेत मात्र नेमके कोठे चुकले, हे निकालानंतरही कळत नाही. गुरुजनहो, आम्हांला सोपा पेपर नको. तपासलेली उत्तरपत्रिका तेवढी हाती द्या!