चिखलातले पायताण कोण विकणार?

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या चप्पल-बुटांच्या दुकानांत रंगीबेरंगी प्लॅस्टिक सँडलांच्या माळा लटकू लागतात. कचेरीत जाणाऱ्यांची सोय त्यातून होते. भातलावणी करणारी बाई मात्र त्याच दुकानासमोरून रिकाम्या हाताने जाते आणि अनवाणीच चिखलात उतरते. आमच्या मते हा केवळ तिच्या गरिबीचा प्रश्न नाही. तिच्या कामाचे पायताण आपण कधी दुकानात ठेवलेच नाही.

आज तिच्यासमोर काय आहे? हवाई चप्पल चिखलात रुतते आणि पट्टा सुटतो. कॅनव्हासचा बूट पाणी पितो, दोन दिवस वाळत नाही. ओल्या बुटाने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. गमबूट बांधावर ठीक, पण शेतात पाय वर येतो आणि बूट चिखलातच राहतो. त्यातून बहुतेक गमबूट पुरुषांच्या मापाचे, आणि लावणी करतात त्या मुख्यतः बायका.

याहून साधी वस्तू जगात आहे. मलेशियात रबराच्या मळ्यांतील मजूर एकसंध रबराचा हलका बूट वापरतात. आत अस्तर नाही, गादी नाही; तळाला खुंट्या असतात. पाणी शिरले तर झटकून टाकायचे, चिखल लागला तर नळाखाली धरायचा. लोक गमतीने त्याला ‘आदिदास कांपुंग’, म्हणजे खेड्यातला आदिदास म्हणतात. त्या नावाच्या जर्मन कंपनीशी त्याचा संबंध नाही. डोंगर चढणारे हौशी लोकही आता महागडे बूट सोडून हाच घालतात.

जपानचे उदाहरण व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. कुरुमे गावच्या इशिबाशी कुटुंबाचा पायमोजे शिवण्याचा धंदा होता. त्यांनी मजुरांच्या मोज्याला रबरी तळ लावला आणि 1923 साली तो बाजारात आणला. शेतकरी व खाणकामगारांनी तो उचलून धरला. याच घरातील शोजिरो इशिबाशी यांनी 1931 साली ब्रिजस्टोन ही टायर कंपनी काढली. भातलावणीसाठी पोटरीपर्यंत घट्ट बसणारे पातळ रबरी बूटही जपानमध्ये मिळतात.

येथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर व गुरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. आखूड बूट काटा, काच, दगड यांपासून वाचवील. पाणी अडवणार नाही. म्हणून बांध, बाग आणि पायवाटेसाठी आखूड बूट, तर लावणीसाठी पोटरीपर्यंतचा घट्ट बूट, असे दोन प्रकार हवेत. ग्राहकाला हा फरक सांगूनच माल विकावा.

माल पारखणे अवघड नाही. बूट हातात दुमडून पाहावा. सहज वाकला पाहिजे. पुढे बोटे पसरायला जागा हवी. तळाच्या खुंट्या एकमेकींपासून दूर हव्यात, नाहीतर चिखल त्यांत भरून तळ गुळगुळीत होतो. आत कापड असेल तर तो बूट घेऊ नये.

अडचण कराची म्हणावी, तर 2022 च्या जानेवारीत स्वस्त पादत्राणांवरील जीएसटी 5 वरून 12 टक्के झाला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडावर तो पुन्हा 5 टक्के आहे. रबराचे म्हणाल, तर केरळ आहेच आणि आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीतही रबराच्या बागा उभ्या आहेत. उणीव आहे ती साच्यात पैसा घालणाऱ्या लहान कारखानदाराची आणि माल मागणाऱ्या दुकानदाराची.

दुकानदार बंधूंनी येत्या मृगाआधी बायकांच्या मापाचे निदान दहा जोड मागवून पाहावेत. त्यांत नफा थोडा असेल, पण ज्या हातांनी आपले भात पिकते त्यांचे पाय शाबूत ठेवणारा धंदा तोट्याचा ठरेल, असे आम्हाला वाटत नाही.