मुलाखत कोणाची?

शाळेला शिस्त हवी, याविषयी आमचे दुमत नाही. मुलांनी वेळेवर यावे, प्रार्थनेस उभे राहावे, पालकांनी घरी अभ्यास पाहावा, या अपेक्षा रास्तच आहेत. परंतु सहा वर्षांच्या लेकरास प्रवेश देण्यापूर्वी त्याच्या आईबापांची इंग्रजीतून मुलाखत घ्यावयाची, हा आमच्या परिसरातील एका लहान ख्रिस्ती शाळेचा नियम कोणत्या शुभवर्तमानातला?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा चाळणीस बंदी केली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना तो कायदा लागू नाही, असा निर्णय दिला. संविधानाच्या तिसाव्या कलमाने दिलेले स्वातंत्र्य आपण जपलेच पाहिजे. पण ते दुर्बळांना दाराबाहेर ठेवण्यासाठी नव्हे.

याच नगरात सिंथिया फरार यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळांपासून प्रेरणा घेऊन जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी राहुरी तालुक्यातील केंदळहून 'निरोप्या' सुरू केला. निरक्षर आईबापांची मुले तेव्हा शाळेत घेतली नसती, तर तो वाचला कोणी असता?

पाथर्डीहून ऊसतोडणीला जाणाऱ्या आईला इंग्रजी येत नाही. म्हणूनच तिच्या मुलाला आपली शाळा हवी आहे. मुलाखत घ्यावयाचीच असेल, तर धर्मग्राम परिषदेने शाळेची घ्यावी, आणि एवढेच विचारावे: यंदा गरिबांची किती मुले घेतली व किती परत पाठविली?