पैसा, पद आणि नाना



निवडणूक जवळ आली की नाशिक जिल्ह्यात आमच्या कळवण-अभोण्याकडे एकच चर्चा ऐकू येते: अमक्याकडे पैसा आहे, तो उभा राहू शकतो. निवडून गेल्यावर तो सभागृहात काय बोलणार, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून नाना शंकरशेटांबद्दल लिहावंसं वाटलं.

१८०३ साली जन्मलेले नाना मुंबईतले बडे व्यापारी. १८५३ साली देशातली पहिली आगगाडी धावली, ती चालवणाऱ्या कंपनीच्या उभारणीत ते होते. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेचे ते आधारस्तंभ, आणि १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. शिकलेली मुलगी विधवा होते असं मानणाऱ्या त्या काळात त्यांनी मुलींच्या शाळेसाठी गिरगावातली स्वतःची जागा दिली.

पण मला सर्वांत मोठे वाटतात ते १८४७ मधले नाना. मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे ते सभासद होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, म्हणजे साक्षात न्यायाधीश. शिक्षणाचा भर इंग्रजीवर हवा, असं पेरींचं मत. नानांचे इंग्रजांशी जवळचे संबंध. मान डोलावली असती तर काहीच बिघडलं नसतं. त्यांनी विरोध नोंदवला. सामान्य माणसापर्यंत ज्ञान पोचवायचं तर ते त्याच्याच भाषेतून, हे त्यांचं म्हणणं. बोर्डाचे सभासद फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा त्यांच्या बाजूने उभे राहिले. आज शंकरशेट म्हटलं की दहावीची संस्कृत शिष्यवृत्ती आठवते. देशी भाषांसाठीची ही झुंज मात्र आपण विसरून गेलो.

नानांसारखे देणगी देणारे आपल्याकडेही कमी नाहीत. मंदिराचा सभामंडप असो, शाळेची खोली असो, हात सढळ असतो.  त्यांच्यापैकी जे उद्या पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत बसतील त्यांच्याकडे एक मागणं आहे. घरी कोकणा किंवा भिली बोलणारं आपल्या पाड्यावरचं पोर पहिलीत येतं आणि पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. गुरुजी विचारतात, ते गप्प बसतं. लोक म्हणतात, पोरगं मठ्ठ आहे. त्याची बोली येणारा शिक्षक त्याच्या वर्गात असावा, हा विषय पहिल्याच सभेत मांडा. वरिष्ठांना रुचला नाही तरी मांडा, आणि विरोध करावा लागला तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.

— संपादक