जो हजर नाही, त्याची बाजू

मुलांनो,

गेल्या महिन्यात आमच्या वर्गातला पाण्याचा माठ फुटला. मधल्या सुट्टीनंतर मी आले, तर वर्गभर पाणीच पाणी! ‘‘कुणी फोडला?’’ असं विचारताच सगळ्यांनी एकाच मुलाचं नाव घेतलं. तो तर ताप आला म्हणून सुट्टीतच घरी गेला होता. पण तो आहे जरा धांदरट, म्हणून मीही लगेच मान डोलावली. दोन दिवसांनी तो आला आणि म्हणाला, ‘‘बाई, मी माठाजवळ गेलोच नव्हतो.’’ मग मी तिवई उलटी करून पाहिली. तिचा एक पाय चांगलाच खिळखिळा झालेला! माठ त्यामुळेच पडला का? ते सांगता येत नाही. पण तिवई बघायच्या आधीच मी निकाल देऊन मोकळी झाले होते, हे मात्र खरं.

तो मुलगा निदान परत येऊन बोलू शकला. पण ज्याला कधीच परत येता येणार नाही, त्याची बाजू कोण मांडणार?

२ जून १९९४ ची गोष्ट. ब्रिटिश हवाई दलाचं एक चिनूक हेलिकॉप्टर उत्तर आयर्लंडहून स्कॉटलंडकडे निघालं. चिनूक म्हणजे पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे पंखे असलेलं अवजड हेलिकॉप्टर. आपल्या हवाई दलातही ती २०१९ साली आली. तर त्या संध्याकाळी मल ऑफ किन्टायर या भागातल्या डोंगरावर दाट धुकं होतं. हेलिकॉप्टर थेट डोंगरावर आदळलं. चार कर्मचारी आणि पंचवीस प्रवासी, एकूण २९ जण गेले. कुणीच वाचलं नाही.

चूक कुणाची? चौकशी मंडळाने वैमानिकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नव्हता. पण १९९५ साली हवाई दलाच्या दोन बड्या अधिकाऱ्यांनी तो ठेवला, तोही ‘घोर निष्काळजीपणाचा’! त्यांचं म्हणणं असं, की पुढे धुकं आणि डोंगर असताना इतक्या खालून, इतक्या वेगाने जायचंच कशाला?

पटतं ना? थांबा, आता दुसरी बाजू ऐका. त्या हेलिकॉप्टरमध्ये उड्डाणाची नोंद ठेवणारं ‘ब्लॅक बॉक्स’ यंत्रच नव्हतं. शेवटच्या क्षणी आत काय झालं, हे कळणार कसं? शिवाय इंजिनावर ताबा ठेवणारी संगणक प्रणाली नवी होती. तिच्याबद्दल शंका असल्यामुळे सरकारी चाचणी केंद्राने या नव्या चिनूकची चाचणी-उड्डाणं अपघाताच्या आदल्याच दिवशी थांबवली होती!

आणि हवाई दलाचा तेव्हाचा नियम काय होता, माहीत आहे? मरण पावलेल्या वैमानिकाला दोषी धरायचं, तर तिळभरही शंका उरता कामा नये. का बरं? कारण त्याला उत्तर द्यायला येता येत नाही.

वैमानिकांच्या घरच्यांनी हाच मुद्दा धरून ठेवला. २००२ साली ब्रिटिश संसदेच्या समितीनेही ठपका चुकीचा ठरवला, तरी सरकार हटेना. अखेर २०११ साली निवृत्त न्यायाधीश लॉर्ड फिलिप यांच्या फेरतपासणीनंतर ठपका पुसला गेला. संरक्षणमंत्र्यांनी संसदेत घरच्यांची माफी मागितली. अपघाताला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

पण नीट लक्षात घ्या हं! यंत्रच बिघडलं होतं, असंही सिद्ध झालेलं नाही. वैमानिक चुकलेच नसतील, असंही कुणी ठामपणे सांगू शकत नाही. ‘चूक झाली असेल’ आणि ‘चूक झालीच’ यांत फरक आहे, एवढंच. तो मान्य करून घ्यायला सतरा वर्षं लागली.

येत्या शनिवारी वर्गात दोन गट पाडा. एका गटाने अधिकाऱ्यांची बाजू मांडायची, दुसऱ्याने वैमानिकांची. मग गटांची अदलाबदल करून पुन्हा वाद घाला. बघा, तुमचं मत बदलतं का!

आणि हो, आमच्या वर्गात नवी तिवई आली. त्या मुलाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘बाळा, माझं चुकलं.’’

तुमच्या बाई