जर-तर शिकवताना उडी विसरू नका



कोडिंगचं नाव काढलं की आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एकच उत्तर ऐकू येतं, "सर, घरात एकच मोबाईल, तोही बापाबरोबर कामावर जातो." मग आपणही हा विषय शहरातल्या मुलांचा म्हणून सोडून देतो. मला हे अजिबात पटत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आहे. त्याचा पाया चौथी-पाचवीतच घालता येतो, तोही मोबाईलशिवाय.

संगणकाला 'जर-तर' कसं कळतं? सी-शार्प भाषेतला प्रोग्राम आधी सीआयएल नावाच्या मधल्या भाषेत उतरतो. तिथे आकडे एकावर एक रचले जातात, पोषण आहाराच्या ताटांसारखे. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. 'जर' आला की वरचे आकडे उचलून तपासायचे. अट खरी ठरली तर सांगितलेल्या ओळीवर उडी, नाहीतर सरळ पुढची ओळ. बस, एवढंच!

व्हरांड्यात खडूने सात चौकोन आखा. एकेका मुलाला त्यावरून चालवा:

1. पाटीतले चिकू मोज, ती संख्या चिठ्ठीवर लिहून ठेव.
2. तिच्यावर 20 ची चिठ्ठी ठेव.
3. दोन्ही चिठ्ठ्या उचल. चिकू 20 पेक्षा कमी असतील तर 6 वर उडी मार.
4. "पाटी भरली" म्हण.
5. 7 वर उडी मार.
6. "अजून चिकू आण" म्हण.
7. थांब.

आता पाचव्या चौकोनातली सूचना पुसा आणि पुन्हा खेळा. 15 चिकूवाल्याचं उत्तर बरोबरच येतं. पण 25 चिकूवाली मुलगी "पाटी भरली" म्हणून लगेच "अजून चिकू आण"सुद्धा म्हणते! मुलं हसतात, मग चूक कुठे झाली ते शोधायला लागतात. एका उदाहरणाचं उत्तर बरोबर आलं म्हणजे सगळं बरोबर असतंच असं नाही, हे त्यांना न सांगता कळतं. नेमके 20 चिकू असतील तर काय होईल, हेही विचारून बघा.

मला वाटतं, कोडिंगचा खरा अभ्यास हाच आहे. आपण उत्तरं पाठ करून घेतो, पण "तसं नसेल तर?" हे विचारायला शिकवत नाही. पालकहो, महागडा क्लास लावण्याआधी घरी एवढं करा. "पाऊस असेल तर छत्री घे" असं सांगितलंत की पुढे विचारा, "आणि नसेल तर?"