न्यायाधीशांना मुलाची ओळख कोण करून देणार?



बारावीचे निकाल लागले की सालमिया, अब्बासियापासून मंगाफपर्यंत आपल्या घरांत बॅगा भरायला लागतात. कोणी सीआयडब्ल्यूजी कोट्यातून एनआयटीत, तर कोणी पुण्यात. शुक्रवारी जेवायला जमलो की आम्ही कॉलेज, होस्टेल आणि मेस यांवर तासन् तास बोलतो. पण यातली बरीच मुले जाताना साडेसतरा वर्षांचीच असतात. एखाद्या रात्री त्यांच्यावर पोलीस चौकीत बसायची वेळ आली तर पुढे काय, हा विषय कोणीच काढत नाही.

तो विषय पुण्याने काढायला लावला. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर गेले. आम्हा आयटीवाल्यांना ती आपल्याच घरातली बातमी वाटली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. त्याच दिवशी, म्हणजे रविवारी, बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याला जामीन दिला. अटींमध्ये समुपदेशनही होते, पण गाजला तो ३०० शब्दांचा निबंध. देशभर संताप उसळला आणि मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी फेटाळली.

या काळात आपल्याकडे वाद रंगला तो एकाच प्रश्नावर: वय सोळा हवे की अठरा? हा वाद कुवेतलाही नवा नाही. इथल्या २०१५ च्या कायदा क्र. १११ ने अल्पवयीनाची मर्यादा १८ वरून १६ वर आणली. तो जानेवारी २०१७ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी दुरुस्ती करून मर्यादा पुन्हा १८ केली गेली. भारताने २०१५ मध्येच नवा बाल न्याय कायदा केला. त्यात १८ ची मर्यादा कायम राहिली. मात्र, किमान सात वर्षे शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलाचे 'प्राथमिक मूल्यमापन' करून त्याला प्रौढांसारख्या खटल्यासाठी पाठवण्याची वाट उघडली गेली.

आमच्या मते खरी मेख या मूल्यमापनातच आहे. मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्यामागची परिस्थिती, एवढे सगळे मंडळाने जोखायचे. मंडळात असतात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. सतरा वर्षांच्या मुलाचे मन कायद्याच्या पुस्तकात बघून कसे कळणार? मूळ कायद्यात मंडळ तज्ज्ञांची मदत 'घेऊ शकते' असे मोघम शब्द होते. गुरुग्रामच्या एका शाळेतील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले की, मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल तर ही मदत घ्यावीच लागेल.

याशिवाय परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घर कसे, शाळा कशी, संगत कोणाची, हे मंडळाला त्यातूनच कळते. आमच्या धंद्यात लॉग न वाचता सिस्टीमचा दोष ठरवणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. मुलाच्या बाबतीत हा अहवाल म्हणजेच लॉग. तो घाईत भरलेला, साचेबंद कागद असेल तर चुकीचा निकाल कडकही लागू शकतो आणि सैलही. सैल निकालाचे दुःख अपघातात मूल गमावलेल्या आईबापांना विचारावे.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. १९२४ मध्ये मुंबईचा बाल कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी आली आणि १९३६ मध्ये आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात झाली. याच संस्थेच्या बाल न्यायविषयक प्रकल्पाने मंडळांच्या आवारात मदत कक्ष चालवले आहेत. भांबावलेल्या पालकांना प्रक्रिया समजावणे, मोफत वकिलापर्यंत पोचवणे, हे काम तिथले समाजकार्यकर्ते करतात. असे कक्ष प्रत्येक जिल्ह्यात हवेत, असे आम्हाला वाटते.

आता आपल्यापुरते. भारतात मुलाला कोठडीत ठेवता येत नाही आणि २४ तासांत मंडळापुढे हजर करावे लागते, हे मुलांना आणि त्यांच्या स्थानिक पालकांना माहीत असू द्या. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी पाहिले जाते. तेव्हा त्याची प्रत पुण्याच्या काका-मावशींकडे ठेवा. कुवेतचा अरबी जन्मदाखला भाषांतर करून आणेपर्यंत दिवस निघून जातात. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांकही त्यांना देऊन ठेवा.

आणि इथे? कुवेतमध्ये अल्पवयीनांसाठी वेगळे न्यायालय आहे, पण कामकाज अरबीत चालते. आपल्या मुलाची बाजू, त्याचे घर, त्याची शाळा कोणी समजावून सांगायची? अरबी जाणणारा वकील आणि एखादा समुपदेशक यांची नावे मंडळाने आधीच जमवून ठेवावीत, अशी आमची सूचना आहे. गणपती आणि दिवाळीच्या समित्या आपण सहा महिने आधी नेमतो. ही एक यादी करायला एक शुक्रवार पुरेल.